झोपेपासून उलटं मोजा : दोन वर्षांच्या लेकीला घेऊन ठाण्याहून मुंबईत, सुट्टीच्या दिवशी, स्वस्तात

गेल्या वर्षी २५ डिसेंबरला आम्ही एका मॉलमधल्या खेळघरात तिघांचे मिळून साडेनऊशे रुपये भरले. लेक तेव्हा दोन वर्षं एक महिन्याची. मिळालेल्या तासाभरात ती रंगीत चेंडूंच्या हौदात जेमतेम पाच मिनिटं बसली. बाकीचा वेळ तिनं दाराशी असलेल्या बुटांच्या कप्प्यांसमोर काढला. एक बूट उचलायचा, शेजारच्या कप्प्यात ठेवायचा, दुसरा उचलायचा. घरी आमच्या चपलांच्या स्टँडवर हाच खेळ ती रोज फुकट खेळते.

त्या दिवसानंतर सुट्टीला कुठे जायचं हे ठरवायची आमची पद्धत बदलली. आता ठाण्याहून निघून अर्ध्या दिवसात परत येतो, दोघांचा मिळून खर्च तीनशेच्या आत बसतो, आणि लेक गाडीतच झोपते. हे कसं जमतं ते क्रमानं सांगते. उदाहरणं ठाणे-मुंबईची आहेत, कारण तेवढंच मला नीट माहीत आहे.

पहिलं काम : घड्याळ

आपण आधी जागा ठरवतो आणि मग वेळ बघतो. दोन वर्षांच्या मुलाबरोबर हे उलट करायचं. दुपारी मूल कधी झोपतं ती वेळ कागदावर लिहा आणि तिथून मागे मोजत या.

आमची लेक एकच्या सुमारास झोपते. साडेबाराला डोळे चोळायला लागते आणि पावणेएकला जगात तिला काहीच आवडत नसतं. म्हणजे सव्वाबाराला आम्ही परतीच्या गाडीत, बसायला जागा मिळवून बसलेले असलो पाहिजे. त्यासाठी साडेअकराला बागेतून बाहेर पडायला हवं. जागेवर दोन तास हवेत, म्हणून साडेनऊला फाटकाशी. ठाणे ते भायखळा धीम्या गाडीनं पाऊण-एक तास, वर चालणं, म्हणजे सव्वाआठची लोकल. घरातून पावणेआठला निघायचं, त्यामुळे पिशवी आदल्या रात्रीच भरलेली हवी.

हा हिशेब केला की दोन गोष्टी आपोआप सुटतात. एकाच जागी जायचं हे पक्कं होतं, कारण दोन तासांत दुसरी जागा बसतच नाही. आणि गर्दीचा प्रश्नही बराच मिटतो. सुट्टीच्या दिवशी माणसं उशिरा उठतात, पोहे खातात, आंघोळी उरकतात आणि अकरानंतर बाहेर पडतात. ती येत असतात तेव्हा आपण परत निघालेलो असतो.

सासूबाईंना हे वेळापत्रक पहिल्यांदा ऐकून फार हसू आलं. "सहल आहे की दहावीची परीक्षा?" पण त्या दिवशी लेक रडली नाही, आणि पुढच्या सुट्टीला पावणेआठला सगळ्यात आधी चपला घालून दाराशी त्याच उभ्या होत्या.

कॅलेंडरवरची लाल तारीख

सगळ्या सुट्ट्या सारख्या नसतात. कॅलेंडर समोर ठेवून आधी वार बघा. राणीबाग, म्हणजे भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, दर बुधवारी बंद असतं. सार्वजनिक सुट्टी बुधवारीच आली तर ते साधारणपणे त्या दिवशी उघडं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. महापालिका तसं आधी जाहीर करते, आदल्या दिवशी बातमी बघून घ्यावी. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, घारापुरीही सोमवारीच बंद. फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेमक्या सुट्ट्यांनाच बंद असतं. इतकं ऊन झेलून बंद दारासमोर उभं राहण्यात दोन वर्षांच्या मुलाला काही वाटत नाही, ते पायऱ्यांवर खेळतं. आपल्यालाच वाटतं.

मग हवा. २६ जानेवारी हा मुंबईतला बाहेर पडायचा सगळ्यात चांगला दिवस, सकाळी गारवा असतो. १ मेला घामानं जीव जातो, तेव्हा दहानंतर उन्हात मूल नकोच. १५ ऑगस्टला पाऊस गृहीत धरायचा. २ ऑक्टोबरला नवरात्राच्या आगेमागे ऑक्टोबर हीट सुरू झालेली असते, सकाळ बरी पण अकरानंतर नाही.

आणि गर्दी. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. तो त्यांचा दिवस. बाळाला वाळूत खेळवायला म्हणून त्या दिवशी दादर निवडू नका, त्यांनाही अडचण आणि आपल्यालाही. २६ जानेवारीला शिवाजी पार्कवर राज्याचं मुख्य संचलन असतं. बँडचा आवाज दुरून ऐकायला लेकीला आवडला, जवळून ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसली. गणपतीत मोठ्या मंडळांच्या रांगेत हे वय नेऊच नये, सोसायटीचा गणपती तिला पुरेसा मोठा आहे. दिवाळी पहाटेला ठाण्यात तलावपाळी आणि राम मारुती रोडवर कॉलेजच्या मुलामुलींचा जो समुद्र लोटतो, त्यात कडेवरचं मूल म्हणजे वेडेपणा.

गुढीपाडवा मात्र आमचा लाडका. ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराच्या न्यासाची स्वागतयात्रा निघते. डोंबिवलीत ही प्रथा गणेश मंदिर संस्थाननं १९९९ मध्ये सुरू केली आणि मग ती गावोगाव पसरली. पदपथावर, ढोलताशांपासून लांब, यात्रा संपत येते त्या टोकाला उभं राहायचं. नऊवारीतल्या बुलेटवाल्या ताया, लेझीम, पालखी, सगळं आपल्या समोरून जातं. तिकीट नाही, चालणं नाही आणि घर दहा मिनिटांवर.

लोकल हीच अर्धी सहल

पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. ठाणे ते भायखळा दुसऱ्या वर्गाचं तिकीट दहा रुपये. दोन वर्षांच्या मुलासाठी इतक्या स्वस्तात इतकं बघायला दुसरीकडे कुठे मिळतं मला माहीत नाही. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून याच वाटेनं ठाण्याला आली होती. लेकीला त्यात रस नाही, तिला कावळे मोजायचे असतात.

सुट्टीला लोकल बहुतेक वेळा रविवारच्या वेळापत्रकानं धावतात, म्हणजे गाड्या कमी. रोजची पाठ असलेली वेळ चालणार नाही, आदल्या रात्री बघून ठेवा. सुट्टी रविवारीच आली तर मेगाब्लॉक आहे का तेही बघा. ब्लॉक सहसा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो, म्हणजे जाताना काही नाही आणि परतताना नेमका गळ्यात. मोबाइलवरचं तिकीट फलाटावर जाण्याआधीच काढून ठेवा.

गाडी ठाण्याहूनच सुटणारी धीमी घ्यायची. कल्याणहून भरून आलेल्या जलद गाडीत वीस मिनिटं वाचतात आणि खिडकी जाते. इथे खिडकीसाठीच तर आलोय. जाताना डावीकडच्या खिडकीतून शेजारच्या रुळांवरून धडधडत जाणाऱ्या जलद लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात, पण सकाळचं ऊनही त्याच बाजूनं येतं. म्हणून जानेवारीत डावी खिडकी आणि मे महिन्यात उजवी. मुलाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसलं की हात गजांबाहेर जातोच, तेव्हा एक हात कायम त्या मनगटावर.

बाबागाडी घरी ठेवा. जिने आणि फलाट-डब्यामधली फट यांतून ती न्यायची म्हणजे एक माणूस तिच्यातच अडकतो. आम्ही छातीशी बांधायची कापडी झोळी नेतो. चढता-उतरताना मूल कायम मोठ्या माणसाच्या अंगाशी, हात धरून चालवत नाही. गाडी आणि फलाटामधली फट मोठ्यांना पाऊलभर असते, दोन वर्षांच्या पायाला ती दरी आहे.

मी लेकीला घेऊन महिलांच्या डब्यात, नवरा आणि पिशवी शेजारच्या डब्यात, असंही आम्ही करतो. सुट्टीच्या सकाळी महिलांच्या डब्यात कोणीतरी मावशी "ये गं इकडे" म्हणतेच. कानातले विकणारी बाई चढली की लेकीचा अर्धा प्रवास त्यातच जातो. काही विकत घ्यावं लागत नाही, नुसतं बघायलाही चालतं.

परतीची एक युक्ती. दुपारी भायखळ्याला ठाण्याची गाडी पकडली तर उभं राहावं लागतं. पाच रुपयांचं तिकीट काढून उलटं सीएसएमटीला जायचं, आणि तिथून सुटणाऱ्या धीम्या गाडीत दहा रुपयांच्या नव्या तिकिटानं आरामात बसून यायचं. माणशी पाच रुपये जास्त गेले, पण झोपाळू मूल मांडीवर आडवं झालं. म्हणून जाताना परतीचं तिकीट काढू नका.

राणीबाग, सकाळी साडेनऊला

फाटक साडेनऊला उघडतं. मोठ्यांना ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५. आई-बाबा आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुलं असं चौघांचं कुटुंब असेल तर एकत्र १००. आमच्या लेकीला काहीच नाही. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत गेलं की मोठ्यांच्या पावलांनी दहा-पंधरा मिनिटं, तिच्या पावलांनी अर्धा तास. म्हणून जाताना झोळीत, तिचे पाय आतल्या रस्त्यांसाठी राखून ठेवायचे.

तिकिटाच्या आधीच दोन फुकटचे प्राणी आहेत आणि बहुतेक लोक त्यांच्याकडे न बघता आत पळतात. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून एलिफंटा नाव पडलं, तोच हा. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा तो पडून फुटला. पुढे तुकडे जोडून १९१४ मध्ये त्याला इथे उभा केला. जवळच काळा घोडा आहे, एडवर्ड राजाचा पुतळा. फोर्टमधला काळा घोडा चौक ज्याच्या नावानं ओळखला जातो तो हाच, १९६५ मध्ये तिथून इकडे हलवला. हत्ती आणि घोडा दोन्ही हलत नाहीत, पळत नाहीत, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात झोपून राहत नाहीत. या वयाला ही मोठीच सोय. लेक अजूनही "फुटका हत्ती" म्हणते.

आत शिरल्यावर पेंग्विन आधी की नंतर, हा प्रश्न येतो. सुट्टीला उत्तर एकच : आधी. साडेदहानंतर त्या इमारतीबाहेर रांग लागते आणि आतही माणसं पुढे सरकवली जातात. हे हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ आणले आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळू लागले. काचेपलीकडे १६ ते १८ अंश तापमान ठेवतात. बाहेरून घामानं भिजलेलं मूल गार जागी जातं तेव्हा एक पातळ सुती जॅकेट जवळ असू द्या.

आता पहिल्या भेटीत काय झालं ते सांगते. पेंग्विन काचेला लागून पोहत आला, आजूबाजूची मुलं किंचाळली, नवऱ्यानं मोबाइल वर धरला. लेकीनं काचेकडे पाठ फिरवली आणि कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या काकांच्या मॉपकडे बघत उभी राहिली. ते पुढे गेले की ही एक पाऊल पुढे, ते मागे आले की ही मागे. काकांच्या लक्षात आल्यावर त्यांनी मुद्दाम एक मोठा गोल काढून दाखवला. ती इतकी हसली की पेंग्विन बघणाऱ्या दोन बायका मागे वळल्या. त्या महिन्यात घरी आलेल्या प्रत्येकाला तिनं मॉपचा गोल करून दाखवला आहे.

सांगायचं हे, की जे बघायला नेलं तेच बघितलं पाहिजे असा हट्ट धरू नका. पेंग्विन झाले की मी फक्त एक मोठा प्राणी आणि पक्ष्यांचा उंच पिंजरा ठरवते. त्या पिंजऱ्यात आपण आत चालत जातो आणि पक्षी डोक्यावरून उडतात. बाकी वेळ झाडांचा. १८६२ मध्ये बाग लोकांसाठी उघडली तेव्हापासूनची जुनी झाडं इथे आहेत. गोरखचिंचेचं खोड तर तिघांच्या मिठीतही मावत नाही. पर्जन्यवृक्षाच्या चिकट शेंगा, वाळकी पानं, मुंग्यांची रांग, यात वीस-वीस मिनिटं जातात. आपण बाकावर बसायचं आणि घाई करायची नाही.

अकराला एकदा "आता गजराला टाटा करून निघायचं" असं सांगून ठेवा. आम्ही मोबाइलवर गजर लावतो, तो वाजला की तिनंच बंद करायचा. बटण दाबायला मिळतं म्हणून रडारड कमी होते.

जनावरं नकोत त्या दिवशी : दुमजली बस

हा दुसरा बेत, आणि खरं सांगायचं तर माझा जास्त आवडता. ठाण्याहून सीएसएमटी, दहा रुपये. तिथून बेस्टची विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस ए-११५ घ्यायची, ती नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जाते. २०२३ च्या फेब्रुवारीत या बस सुरू झाल्या. २०२५ च्या मे महिन्यातल्या भाडेवाढीनंतर वातानुकूलित बसचं किमान भाडं १२ रुपये आहे. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा मिळेपर्यंत एखादी बस सोडायची तयारी ठेवा. तिथे बसलं की झाडांच्या फांद्या काचेला घासून जातात, सिग्नलचे दिवे डोळ्यांसमोर येतात आणि खाली टॅक्सीची टपं दिसतात. एनसीपीएला उतरलं की समोर समुद्र. सकाळी नऊला मरीन ड्राइव्हच्या टोकाशी कठड्यावर बसून केळं खायचं, भरती असेल तर लाटांचे शिंतोडे, ओहोटी असेल तर दगडांवरचे खेकडे, आणि त्याच बसनं परत. मूल कठड्यावर उभं करायचं नाही, मागून धरूनच बसवायचं.

बेत एवढाच. आणखी काही जोडायला जाऊ नका. पहिल्यांदा आम्ही लगे हाथ गेटवे उरकू म्हणून गेलो आणि सव्वाबाराला, भर उन्हात, कबुतरांच्या गराड्यात, रडणारं मूल घेऊन टॅक्सी शोधत होतो. टॅक्सीला गेले ते पैसे अख्ख्या दिवसाच्या खर्चापेक्षा जास्त.

१५ ऑगस्टला धो धो पाऊस असेल तर बसऐवजी घाटकोपरहून वर्सोव्याची मेट्रो. भुयारी मेट्रो आता कफ परेडपर्यंत जाते आणि सगळे तिचं कौतुक करतात, पण मुलाला भुयारात खिडकीबाहेर काळोखच दिसतो. घाटकोपर-वर्सोवा मार्ग पुलावरून जातो. पावसात भिजलेली छपरं, छत्र्यांच्या रांगा, खालून जाणाऱ्या लोकल, सगळं दिसतं, आणि अंगावर थेंब नाही. ९० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट लागत नाही.

वाळू, बूट आणि तलाव

चौपाटी फुकट आहे, पण तारखेला धरून. ऑगस्टमध्ये जुहूला ब्लू बॉटल नावाचे निळसर डंख मारणारे जीव वाळूवर येऊन पडतात. फुग्यासारखे चकाकतात, आणि दोन वर्षांचं मूल ते उचलणारच. त्या महिन्यात वाळू नको. अनंत चतुर्दशीनंतरचे काही दिवस गिरगावही नको, वाळूत काय काय टोचेल सांगता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ ते दहा, एक जुनी वाटी आणि दोन चमचे घेऊन जा. विकतचं बादली-फावडं लागत नाही.

मलबार हिलवर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे, प्रवेश फुकट, आणि समोरच हँगिंग गार्डन. ठाण्याहून पश्चिम रेल्वेला बदलून वर बस पकडायची म्हणजे जाण्यायेण्यातच दम निघतो, म्हणून लेक तीनची झाल्यावर.

आणि ज्या दिवशी सकाळीच नाक वाहतंय, रात्री झोप नीट झालेली नाही, त्या दिवशी मुंबई सोडून द्या. तलावपाळीला बदकं, होड्या आणि शेंगवाला आहे. उपवनला सकाळी सातला गर्दी नसते. नऊला घरी परत.

पिशवीत काय

खाणं घरचंच. सुट्टीला बाहेरचं खाणं महाग पडतं त्यापेक्षा ते उशिरा येतं, ही खरी अडचण. भुकेलं मूल रांगेत पाच मिनिटं थांबत नाही. आमचा डबा ठरलेला : तूप-गुळाच्या पोळीची सुरळी, थालीपीठाचे छोटे तुकडे, दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू, चुरमुरे. चुरमुरे एकेक उचलून खायला वेळ लागतो, म्हणून ते परतीच्या फलाटासाठी राखून ठेवते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोल कडक गोळ्या या वयाला नकोत, घशात अडकतात. द्राक्षं नेलीच तर उभी चिरून. उन्हात बाटलीतलं दूध दोन तासांत फाटतं, दहीभात आंबतो. बर्फाचा गोळा आणि रस्त्यावरचं सरबत आपण मुलासमोर न घेणं हाच उपाय.

घरचं उकळलेलं पाणी स्टीलच्या बाटलीत, मोठ्यांचं वेगळं. बाकी : डायपर तासांच्या हिशेबानं नव्हे तर जेवढे वाटतात त्याहून दोन जास्त, एक सुती पंचा (अंथरायला, पुसायला, उन्हात डोक्यावर धरायला, एकच वस्तू तीन कामांना), बदलायचे दोन जोड, ओले कपडे ठेवायला पिशवी, टोपी, ओआरएसची एक पुडी. ती अख्खी पुडी त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायची, अर्धी पुडी पेल्यात नाही. खेळणं एकही नाही. नेलं की ते सांभाळायचं काम वाढतं.

अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी एसटीच्या काही स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात. लोकलऐवजी एसटीनं येणाऱ्यांनी विचारून घ्यावं. लोकलवाल्यांनी निघताना घरीच पाजून घ्यावं आणि ओढणी जवळ ठेवावी.

गर्दीत हात सुटला तर

निघताना फलाटावर मुलाचा एक फोटो काढायचा, पूर्ण उंचीचा, त्या दिवशीच्या कपड्यांत. आठवणीसाठी नाही. घाबरल्यावर फ्रॉक पिवळा होता की केशरी, हे आईलाही आठवत नाही. दंडावर आतल्या बाजूला बॉलपेननं आपला मोबाइल क्रमांक लिहायचा. नाव लिहू नका, नावानं हाक मारली की मूल कोणाहीकडे जातं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८, रेल्वेत १३९, पोलीस ११२. आणि दोघांपैकी "आत्ता कोणाकडे आहे" हे मोठ्यानं बोलायचं. "मी पाण्याला जातो, तुझ्याकडे गं." "हो, माझ्याकडे." दोघंही असताना मूल हरवतं ते दोघांनाही वाटतं म्हणून, की दुसऱ्याकडे आहे.

जमाखर्च

राणीबागेच्या दिवसाचा आमचा खर्च असा : जाताना लोकल दोघांची २०, बागेचं तिकीट १००, भायखळा ते सीएसएमटी १०, सीएसएमटी ते ठाणे २०. झाले १५०. वर दोन वडापाव, दोन चहा आणि ठाणे स्टेशनवरून घरापर्यंत रिक्षा. झोपलेलं मूल खांद्यावर असताना रिक्षाला नाही म्हणायचं नाही, ते पैसे आधीच धरून ठेवायचे. दुमजली बसच्या दिवसाचा हिशेब तर ८८ रुपयांत येतो : लोकल जाऊन-येऊन ४०, बस जाऊन-येऊन ४८. फुगा, भिरभिरं, साबणाचे बुडबुडे यांसाठी पन्नासची एक नोट वेगळ्या कप्प्यात. ती संपली की संपली. विकणारा समोर उभा असताना नवरा-बायकोनं त्यावर चर्चा करायची नाही.

सासूबाई आल्या की वडापावचा खर्च वाचतो, त्या घरून सुरळीच्या वड्या आणतात.

घरी आल्यावर

लेकीला झोळीतूनच पलंगावर ठेवते, हातपाय नंतर. मग आधी पिशवी रिकामी करायची. डबा भिजत, पंचा धुवायला, आणि डायपर, ओआरएस, पातळ जॅकेट लगेच परत आत. पिशवी दारामागच्या खुंटीला. पेनचा क्रमांक तेलाच्या बोटानं पुसला की जातो. शेवटी कॅलेंडरच्या त्या तारखेवर पेन्सिलीनं दोन ओळी. २६ जानेवारीच्या चौकटीत माझ्या अक्षरात लिहिलंय : "गाडी ८.१५. झोप १२.४०, कुर्ल्याला. फुटका हत्ती, मॉप. डावी खिडकी."